पाटीच्या मागचा नंबर

धाकटे मालक त्रेपन्न वर्षांचे झाले तरी लोकांच्या तोंडी धाकटेच राहिले. थोरले म्हणजे त्यांचे वडील, आणि त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. पण लोकांच्या जिभेला एकदा वळण लागलं की लागलं. केस पिकले, चष्मा लागला, लेक शिकून दुकानात बसायला लागली, तरी दारातून हाक यायची ती "धाकटे आहेत का?" अशीच. धाकटे आतून "आहे" म्हणायचे. खरं तर कागदोपत्री ते कुठेच नव्हते, पण ते पुढे येईलच.

धंदा नावाच्या पाट्यांचा. दारावरच्या, टेबलावरच्या, यंत्रांवर ठोकायच्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि भिंतभर नमुने, मागच्या खोलीत पत्रा कापायचं यंत्र, कानशी, छिन्न्या आणि आकडे-अक्षरांच्या ठशांचे लाकडी खण. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. पितळेचा भुगा असा काही उडायचा की जिन्याच्या पायऱ्यासुद्धा उन्हात चमकायच्या. आजूबाजूच्या चार रस्त्यांवरचं एकेक नाव धाकट्यांच्या हाताखालून गेलेलं. वकिलाचं, दातांच्या डॉक्टरचं, भावाशी भांडून वेगळं दार पाडणाऱ्याचं. स्वतःच्या दारावर मात्र वडिलांच्याच नावाची पाटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

थोरल्यांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता. पाटीची पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची आपली. पाटी पुरी झाली की ती पालथी घालायची आणि मागच्या कोपऱ्यात चार आकडे ठोकायचे, थोरल्यांच्या कराच्या नंबराचे शेवटचे चार. उद्या कुणी विचारलं पाटी कुणी केली, तर उलटून बघावं. आता भिंतीवर चढलेली पाटी कोण कशाला उलटून बघतंय? पण नियम म्हणजे नियम. धाकट्यांनी तो अठ्ठावीस वर्षं पाळला, आणि आकडेही तेच ठेवले. मेख होती ती इथेच.

थोरले गेले ते अचानक. सकाळी कानस चालवत होते, दुपारी नव्हते. महिना होतो न होतो तोच कर खात्याचा वर्षाचा कागद आला, थोरल्यांच्या नावानं. धाकटे तेव्हा पंचविशीतले. आईनं तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "सही कर."

"कुणाची?"

"ह्यांची. नंबर दुकानाचा आहे. दुकान चालू आहे तर नंबरही चालू. एवढं वर्ष करून टाक."

दुसऱ्या कुठल्या घरात कुणी तरी म्हणालं असतं, अगं बाई, असं कसं? पण या घरात जन्मभर नंबर ठोकले गेले ते वस्तूंवर. दाराला नंबर, यंत्राला नंबर, तसा दुकानाला नंबर. नंबर माणसाचा असतो आणि माणसाबरोबर जातो, हे ना आईच्या डोक्यात आलं, ना पोराच्या.

थोरले डावखुरे होते. धाकटे उजवे. उजव्या हातानं त्यांनी रद्दीवर दहा-बारा वेळा वडिलांची सही गिरवून पाहिली, जमेना. शेवटी वैतागून पेन डाव्या हातात धरलं, आणि सही एका झटक्यात उतरली. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून खाली ठिपका, हुबेहूब. धाकट्यांनी तोवर डाव्या हातानं साधी रेघसुद्धा ओढली नव्हती. ते आपल्याच हाताकडे बघत बसले. आईनं कागद उचलला, बराच वेळ पाहिला, मग आत जाऊन चहा करून आणला. कप तिनं त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला.

"एवढं वर्ष" म्हणता म्हणता अठ्ठावीस झाली. दर वर्षी कागद यायचा, आई तो पुढे ठेवायची, डावा हात सही करायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणी उघडून पाहिली नाही. फरक पडला तो हातात. आधी डावा हात नुसती सही करायचा. मग चहाचा कप उचलायला लागला. मग कानस धरायला लागला, आणि धाकट्यांपेक्षा सफाईनं धरायला लागला. गिऱ्हाईक म्हणायचं, "अगदी थोरल्यांचा हात हो." धाकटे हसायचे. त्यांना काही ते कौतुक वाटायचं नाही.

त्यात अंगठ्याचं एक होतं. पत्रा कापायच्या यंत्रानं थोरल्यांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर तरुणपणीच खाल्लेलं. धाकट्यांचा अंगठा धडधाकट, पण गेली काही वर्षं त्याच्या वरच्या पेरात जाणीवच उरली नव्हती. सुई टोचा, गरम पत्रा लावा, काही नाही. डॉक्टर म्हणाले, काम कमी करा. धाकट्यांची बायको मात्र पहिल्यापासून त्यांच्या उजव्या बाजूला बसायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण लेकीनं एक मोठं काम आणलं. नवं हॉस्पिटल बांधून होत आलं होतं. प्रत्येक दाराला, प्रत्येक खाटेला, प्रत्येक यंत्राला पाटी हवी होती. दोन वर्षं पुरेल एवढं काम. अट एकच, काम कंपनीला देणार, एकट्यादुकट्याला नाही. महिनाअखेरच्या आत कागद द्यायचे.

"बाबा, आपण कंपनी करू," लेक म्हणाली. "मी आणि तुम्ही, दोघं मालक. नाहीतर मला दुसरीकडे नोकरी बघावी लागेल. त्या जुन्या ठशांवर मी म्हातारी व्हायची नाही."

ती बोलली ते खरं होतं, म्हणून धाकट्यांना लागलं. ते तिच्याबरोबर करसल्लागार बाईंकडे गेले. बाई बोलायला गोड आणि कागदाला कडक.

"धंद्याचा नंबर सांगा."

धाकट्यांनी घडाघडा सांगितला. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता. बाईंनी तो संगणकात घातला, पडद्याकडे पाहिलं, धाकट्यांकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"तुमचं वय काय?"

"त्रेपन्न."

"इथे ब्याण्णव दिसतंय."

"तो दुकानाचा नंबर आहे," धाकटे म्हणाले. "वडिलांनी काढलेला."

"दुकानाला नंबर नसतो, मालक," बाई म्हणाल्या. "एकट्याचा धंदा असला की कायद्याला दुकान आणि माणूस एकच. नंबर त्या माणसाचा. माणूस गेला की नंबर बंद करायचा. कंपनीचं वेगळं असतं. कंपनी म्हणजे नवंच माणूस समजा, तिला तिचा नवा नंबर मिळतो. पण तिचे मालक कोण हे सांगताना प्रत्येकाचा स्वतःचा नंबर लागतो. तुमच्या लेकीचा आहे. तुमचा काय?"

धाकट्यांनी परत तोच नंबर सांगितला.

"म्हणजे कागदावर तुमचे वडील ब्याण्णव वर्षांचे आहेत आणि अजून रोज कामावर येतात," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि तुम्ही आयुष्यात एक दिवसही काम केलेलं नाही."

लेकीनं कपाळाला हात लावला. धाकट्यांना मात्र दंडाचं भय वाटलं नाही. त्रेपन्न वर्षांतल्या अठ्ठावीस वर्षांचं काम, हजारो पाट्या, आणि त्यांतली एकही त्यांची नाही. त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

बाईंनी वाट सांगितली. वडील गेल्याचा दाखला द्या, चूक कबूल करा, दंड भरा, जुना नंबर बंद होईल. मग तुमचा काढू, मग कंपनीचा. अवघड काही नाही, फक्त तो दाखला हवा.

दाखला आईजवळ. आई आता चौऱ्याऐंशीची. ऐकायला कमी, बाकी ठणठणीत. लेकीनं तिला सगळं दोनदा समजावलं. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी नाही देणार."

"अगं आजी, आजोबांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली."

"कुठे गेलेत? सहा महिन्यांपूर्वीच तर सही केली त्यांनी."

ती वेडी नव्हती बरं का. किराणा किती आला, कुणाकडे डबा गेलाय, सगळं तिच्या ध्यानात असायचं. ती हे असं बोलली, जसं कुणी सांगावं, अंगणात कपडे वाळत घातलेत. लेकीच्या अंगावर काटा आला. धाकट्यांनी डावा हात टेबलाखाली घेतला.

दाखल्याची दुसरी प्रत मिळते का, म्हणून धाकटे जन्ममृत्यूच्या नोंदीच्या कचेरीत जाऊन आले. त्या सालच्या वह्या छत गळून भिजल्या होत्या, पानांचा लगदा झाला होता. म्हणजे थोरले गेल्याचा एकच पुरावा जगात उरला होता, आणि तो आईनं कुठेतरी ठेवला होता. महिना संपायला नऊ दिवस होते.

"ते राहू दे, आधी माझा नंबर काढून बघतो," असं म्हणून धाकटे एका सकाळी एकटेच कर खात्यात गेले. खिडकीपलीकडे एक कारकून होता, निवृत्तीला टेकलेला, मफलर गुंडाळलेला. धाकट्यांनी अर्ज दिला. कारकुनानं काचेचं छोटं यंत्र पुढे सरकवलं. "अंगठे. आधी उजवा."

उजवा नीट उमटला.

"डावा."

धाकट्यांनी डावा अंगठा काचेवर टेकवला. पडद्यावर अर्धाच उमटला. खालचा भाग रेषारेषांनी भरलेला, आणि वरचं पेर जिथे असायला हवं तिथे कोरं. कारकुनानं काच पुसली, धाकट्यांनी अंगठा पँटला पुसला, परत टेकवला. परत अर्धा, आणि तसाच तो अर्जावर छापून आला. धाकटे आपल्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा सबंध होता, नखासकट, काचेवर चांगला दाबलेला होता, आणि यंत्राला तो अर्धाच दिसत होता.

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी आलं. कारकून हसला. "अहो, तुमचा नंबर आहे की. जुन्या कागदांवरून उतरवलेला ठसा आहे, हाच. अर्धा अंगठा, असा दुसरा कुणाचा असणार? फोटोही तुमचाच." त्यानं पडदा फिरवला.

फोटो थोरल्यांचा होता. पण कारकुनाची चूक म्हणता येईना. तेच कपाळ, तोच चष्मा, तीच डावीकडे कललेली मान. धाकट्यांनी झटकन आपली मान सरळ केली.

"हे आमचे आप्पा, माझे वडील," ते म्हणाले. "मी त्यांचा मुलगा."

"बरं, मग तुमची सही करून दाखवा इथे."

धाकट्यांनी पेन उजव्या हातात घेतलं. आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःची सही कशी होती, तेच आठवेना. शाळेच्या दाखल्यावर केली होती, त्याच्यानंतर कधी? पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मग डावा हात वर आला, त्यानं उजव्यातलं पेन काढून घेतलं, आणि एका झटक्यात सही केली. शेपटी मागे, खाली ठिपका.

कारकुनानं ती सही पडद्यावरच्या जुन्या सहीशेजारी धरली. "झालं तर मग. माणूस एक, नंबर एक. दुसरा देता येत नाही, काका. वयाचा गोंधळ असेल तर तो दुरुस्त करून देतो, ब्याण्णवच राहू दे की त्रेपन्न करू?"

धाकट्यांनी अर्ज खिडकीतून ओढून घेतला आणि बाहेर पडले. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी डावा हात खिशात घातला. हात बाहेर आला. त्यांनी परत घातला. भर दुपारी, इतक्या गर्दीत, त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटली.

घरी आले ते थेट आईपुढे जाऊन बसले. अर्जावर छापलेला अर्धा ठसा त्यांनी तिला दाखवला, आणि मग आपला सबंध अंगठा दाखवला. म्हणाले, "आई, तिथे म्हणतात मी आप्पा आहे. मी असा कुणी नाहीच म्हणतात. मला माझी सही आठवत नाही गं."

आईनं ठसा पाहिला. तिनं तो ओळखला. ओळखणार नाही तर काय, त्या अंगठ्याच्या जखमेला नवी नवरी असताना तिनंच पट्ट्या बांधल्या होत्या.

"माझंच चुकलं," मग ती म्हणाली. "पहिल्या सहीच्या दिवशीच मला कळलं होतं. तुझी नव्हती ती. मला वाटलं, एक हात तरी राहू दे घरात. रोज चहा द्यायला एक हात. तुझं काय जातंय, तुला दुसरा होताच. मी हात तेवढा मागितला होता रे. हे तर अख्खा माणूस घ्यायला निघाले."

तिनं धाकट्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पोराकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. पदर सारखा केला, आणि जसं रोज दुपारी नवऱ्याशी बोलायची तसं हळू आवाजात म्हणाली, "अहो. पोर दमलंय. सोडा आता त्याला."

हात तिच्या हातात घट्ट मिटला. धाकट्यांनी मिटला नव्हता. आईची बोटं पांढरी पडेपर्यंत तो तसाच राहिला, मग एकेक बोट सुटलं. सगळ्यांत शेवटी अंगठा. धाकट्यांच्या खांद्यापासून खाली मुंग्या आल्या आणि हात मांडीवर पडला तो नुसता जड.

आई उठली. "पेचकस आण आणि दारावरची पाटी काढ," म्हणाली.

धाकट्यांनी उजव्या हातानं चारही स्क्रू काढले. अठ्ठावीस वर्षांत ती पाटी कुणी हलवली नव्हती. पाटी सुटली, आणि तिच्यामागून चौघडी घातलेला एक कागद खाली पडला. दाखला. कडा हिरव्या पडलेल्या, अक्षरं शाबूत. मागची बाजू आपली, हा नियम आईनंही पाळला होता.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कर खात्यात आली. खिडकीशी बसायला स्टूल मागून घेतलं. तोच मफलरवाला कारकून. नंबर बंद करायच्या कागदावर त्यानं विचारलं, "नंबर कशासाठी बंद करायचा?"

"वारले," आई म्हणाली.

"कधी वारले?"

"काल दुपारी."

कारकुनानं हातातल्या दाखल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. सरकारी नोकरीत त्यानं नाना तऱ्हा पाहिल्या असतील. तारीख त्यानं दाखल्यावरून उतरवून घेतली. आईनं वारस म्हणून सही केली, आणि नंबर बंद झाला. मग त्यानं काचेचं यंत्र पुढे सरकवलं. धाकट्यांनी जीव मुठीत धरून डावा अंगठा टेकवला. सबंध उमटला, टोकापर्यंत.

"काल काय झालं होतं मशीनला?" कारकून पुटपुटला.

सही उजव्या हातानं केली. पाचवीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर सुटं सुटं. इतकी वर्षं ती वाढलीच नव्हती ना. कारकुनानं विचारलं, "हीच सही?" धाकटे म्हणाले, "हीच." दंड झाला, तो लेकीनं तोंड वाकडं करत भरला. नंतर आठवड्याभरात कंपनीचा नंबर आला. करसल्लागार बाई म्हणाल्या, "हिला ना अंगठा, ना म्हातारपण. मालक बदलले तरी ही तशीच राहील, काळजी नको." त्या हसल्या, लेकही हसली. धाकट्यांना काही हसू आलं नाही. न मरणाऱ्या नंबराची गंमत वाटावी, असे दिवस त्यांचे राहिले नव्हते.

हॉस्पिटलच्या पाट्यांचं काम सुरू झालं. पहिली पाटी पुरी झाल्यावर धाकट्यांनी ती पालथी घातली आणि कंपनीच्या नंबराचे चार आकडे ठोकले. डाव्या हातानं पाटी धरलेली, उजव्या हातात हातोडी. हात आता बावळट झाला होता, धड धरत नव्हता. चौथा आकडा ठोकताना पाटी सरकली आणि पत्र्याचं कुसळ डाव्या अंगठ्याच्या टोकात घुसलं. रक्ताचा थेंब आला, आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली.

धाकटे तसेच जिना चढून वर गेले. आई चहा गाळत होती. त्यांनी अंगठा तिच्यापुढे धरला.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप दुखतंय, आई."

तिनं चिमट्यानं कुसळ काढलं. मग तो अंगठा आपल्या गालाला लावला, कितीतरी वेळ तसाच धरला, जसं काही ती कशाची तरी वाट पाहत होती. अंगठा नुसता पोराचा होता, गरम, रक्त लागलेला. तेव्हा कुठे ती रडायला लागली, आपला माणूस गेल्यावर बायको रडते तशी, मोठ्यानं. धाकट्यांनी तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि गाळलेला चहा कपात ओतला. कप घेऊन ती सवयीनं त्यांच्या डावीकडे आली, थांबली, आणि वळसा घालून तो उजवीकडे ठेवला.